बाविसावर अडलेला आकडा

सकाळी दहाला गोटीला तेल, सव्वादहाला तिची आंघोळ आणि साडेदहाला आईंच्या मांडीवर चार पॅड. अडीच आठवडे होत आले होते या क्रमाला. आमच्या घरात घड्याळ बघायची गरजच उरली नव्हती. तेलाचा वास आला की दहा, साबणाचा आला की सव्वादहा, आणि आतल्या खोलीतून आईंची हाक आली, "आण गं तुझ्या मुंग्या," की साडेदहा.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गोटी म्हणजे माझी अकरा महिन्यांची मुलगी. दुसरं चांगलं नाव आहे तिला, पण ते फक्त लसीच्या कार्डावर. आईंचा डावा गुडघा बदलून सात आठवडे झाले होते. गुडघा उत्तम बसला, टाके सुकले, सूज उतरली. पण पाय सरळ ठेवून टाच उचला म्हटलं की मांडी नुसती थरथरायची आणि टाच गादीवरच.

"गुडघा जागा आहे आजी, मांडी झोपलीय," असं आमची फिजिओ म्हणाली होती. शनिवारी संध्याकाळी घरी येणारी ती मुलगी माझ्याहूनही लहान असेल. "ऑपरेशन झालं की हा स्नायू कधी कधी असा रुसून बसतो. मेंदू हाक मारतो, हा ओ देत नाही. म्हणून आपण बाहेरून हाक मारायची, करंटने."

मग तिने ते यंत्र दिलं. मोबाईलपेक्षा थोडं जाड, दोन वायरी, चार चिकट पॅड. दहा सेकंद करंट, मग विसावा, पुन्हा दहा सेकंद. करंट आला की आईंनीही सगळा जोर लावून मांडी आवळायची. वर एक चकती होती, ती फिरवली की आकडा वाढायचा.

"आकडा जितका सोसेल तितका वर न्यायचा," तिने मला बजावलं. "गुदगुल्या करून स्नायू उठत नाही, ताई. गुडघ्याची वाटी वर ओढली गेलेली दिसली पाहिजे."

आणि जाताना, चपला घालता घालता, अगदी सहज म्हणावं तसं: "टाच सरळ उचलता येईपर्यंत आणि हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठता येईपर्यंत बाळाला उचलायचं नाही हं आजी. पाय मध्येच सोडून देतो अशा वेळी."

मी गोटीकडे बघितलं. आईंनीही बघितलं. मग आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

कारण माझी रजा संपत आली होती. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. बाळंतपणाची रजा, मग बिनपगारी रजा, मग आईंच्या ऑपरेशनची रजा, असं करत करत मोठ्या मॅडमनी शेवटची तारीख दिली होती. महिनाअखेरचा सोमवार. "त्यानंतर मी जागा राखू शकत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या वाईट बाई नाहीत, म्हणूनच ते खरं होतं. गोटीला आई सांभाळणार हे ती जन्मायच्या आधीच ठरलेलं. आईंनीच ठरवलेलं. "पाळणाघरबिणाघर काही नको. मी काय मेलेय का?" तेव्हा त्यांचा गुडघा फक्त दुखत होता.

तर असं सगळं त्या एका मांडीवर येऊन ठेपलं होतं.

मला आकडे लिहून ठेवायची सवय आहे. गोटी किती वाजता दूध प्यायली, किती वेळ झोपली, सगळं एका वहीत. नवरा म्हणतो, ही वही एक दिवस बाळापेक्षा जाड होणार. त्याच वहीत मागच्या पानापासून मी यंत्राचा आकडा लिहायला लागले. पहिल्या दिवशी अठरा. दुसऱ्या दिवशी वीस. चौथ्या दिवशी बावीस. पाचव्या दिवशी बावीस. सहाव्या, सातव्या, दहाव्या दिवशी बावीस.

बाविसाच्या पुढे गेलं की आई ओठ घट्ट मिटायच्या आणि हात वर करायच्या. "पुरे. चावतायत."

"चावतायत म्हणजे कसं आई?"

"लाल मुंग्या. सगळ्या कडेकडेने."

गुडघ्याची वाटी जागची हलायची नाही. मी वाकून, डोळे बारीक करून बघत बसायचे. मागे गोटी पलंगाचा गज धरून उभी राहायची, डुलायची, धप्प बसायची, पुन्हा उठायची.

"ही बघ, हिला नाही लागत करंटबिरंट," आई म्हणायच्या.

हसायला यायचं, पण हसायलासुद्धा अंगात जोर लागतो. नवरा छापखान्यात, त्या महिन्यात त्याची सकाळपाळी. तो पहाटे जायचा आणि दुपारी येऊन जेवताजेवताच पेंगायचा. मी दिवसभर दोघींच्या मध्ये. एक उठायला बघतेय ती पडू नये म्हणून, दुसरी उठायलाच तयार नाही म्हणून.

पहिला शनिवार तिचा चुकला; दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी फिजिओ आली. आई दुपारी चारला आंघोळ करतात. स्वच्छ होऊन, केस विंचरून, पाहुणी आल्यासारख्या बसल्या होत्या. तिने स्वतः पॅड लावले, चकती फिरवली. पंचवीस. तीस. मी श्वास धरून. चौतीस. छत्तीस.

"लागतंय का आजी?"

"लागतंय, पण सोसवतंय."

आणि वाटी हलली. मी डोळ्यांनी बघितलं. मांडीवरचा स्नायू दोरीसारखा ताठला आणि वाटी वर सरकली.

फिजिओने माझी वही बघितली. सगळीकडे बावीस. ती वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही घाबरता बहुतेक. पेशंटला ते लगेच कळतं."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी दात ओठ खाऊन चकती फिरवली. तेवीस. चोवीस.

"पुरे पुरे! अगं, पुरे!"

"काल छत्तीस चाललं तुम्हाला."

"काल नव्हत्या चावत."

"यंत्र तेच आहे, पॅड तेच आहेत. तिच्या हातून छत्तीस आणि माझ्या हातून बाविसाला पुरे?"

आईंनी साडी गुडघ्यावर सारखी केली. मग म्हणाल्या, "तिचा हात चांगला आहे गं."

असं म्हणतात ना, की बोलणारा बोलून जातो. मी वायरी गुंडाळल्या. आईंना कळलं असावं, कारण त्यांनी लगेच सारवासारव केली, "जगात सासू-सुनांचा छत्तिसाचा आकडा असतो म्हणतात. आपला बाविसाच्या पुढेच जात नाही, चांगलंच आहे की."

मी हसले नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, जी आधीच घासलेली होती. आणि तिथे उभ्या उभ्या मनात आलं ते आज लिहायलाही लाज वाटते. मला वाटलं, त्यांना बरंच व्हायचं नाहीये. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात पायाने शिलाई मशीन चालवलं, आता कुठे खुर्ची मिळालीय. कोण नातीच्या मागे धावेल? तोंडाने म्हणवत नाही म्हणून मांडी म्हणतेय.

पुढचे दिवस मी कमी बोलले. पॅडही धड चिकटेनात. एक कड उचलली जायची, दाबली की पुन्हा उचलली जायची. जुने झाले असतील म्हणून मी वरून चिकटपट्टी लावली. वहीत बावीस लिहिणंही सोडलं, नुसती वरच्यासारखी खूण करायचे.

सोमवार पाच दिवसांवर आला तेव्हा, बुधवारी, कामावर रुजू व्हायचा अर्ज द्यायला मला प्रयोगशाळेत जायचं होतं. नवऱ्याने सुट्टी घेतली. गोटीला तेल लावून झालं आणि बस चुकायची वेळ आली. आंघोळ त्याच्यावर सोपवून, हात रुमालाला पुसत मी पळाले.

प्रयोगशाळेत काही बदललं नव्हतं. तोच क्लोरिनचा वास, ठिबकणारा तोच नळ, खिडकीत ओळीने ठेवलेल्या बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी. माझ्या टेबलावर दुसऱ्या कुणाचा तरी चष्मा होता. मास्तर तेवढे जागच्या जागी होते. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यांत जुने टेक्निशियन. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण मास्तर म्हटल्याशिवाय त्यांना कुणी हाक मारत नाही.

"या या. बाळ कसं आहे? हात विसरला नाही ना?" त्यांनी एक नमुना पुढे केला. "गढूळपणा बघा बघू याचा."

मी काचेची कुपी भरली, यंत्रात ठेवली, झाकण लावलं. आकडा आला नऊ.

"नऊ?" मास्तर म्हणाले. "पिण्याचं पाणी आहे ते, ओढ्याचं नाही."

पुन्हा नऊ. मी कुपी बाहेर काढून उजेडात धरली. काचेवर माझी पाचही बोटं उमटली होती, चकचकीत.

"पुसा," मास्तर म्हणाले. पहिल्या दिवशी त्यांनीच मला शिकवलं होतं: कुपी पुसल्याशिवाय आत जायची नाही, बोटाचं तेल लागलं की आकडा खोटा बोलतो. सहा वर्षं मी तो धडा पाळला होता. मी हात धुतले, कुपी फडक्याने पुसली, परत ठेवली. आकडा एकाच्या जरासा वर.

कुपी हातात धरून मी उभी राहिले.

"काय झालं?"

"काही नाही, मास्तर. घरी जाते."

बसमध्ये मी तोच विचार करत होते. तेल. तेलाच्या हातांनी मी पॅड लावत असेन, म्हणून ते चिकटत नाहीत, म्हणून करंट सगळीकडून जायच्या ऐवजी कडेकडेने जातो आणि चावतो. सगळी माझीच चूक. मग दोन थांबे गेल्यावर वाटलं, पण नाही. रोज तर मी गोटीला आंघोळ घालते, पाव तास माझे हात साबणात असतात. तेल माझ्या हाताला नसतंच. मग कुठून? पॅड कुठे लागतात? मांडीला.

घरी पोचले तर नवरा आणि गोटी दोघंही जमिनीवरच्या चटईवर आडवे, दोघंही झोपलेले. आई खुर्चीत बसून फाटका अभ्रा शिवत होत्या. स्टुलावर तेलाची वाटी होती, पुसून घेतल्यासारखी रिकामी.

मी वाटी उचलली. "आई, यातलं उरलेलं तेल कुठे जातं?"

"कुठे जातं म्हणजे? टाकायचं की काय चांगलं तेल?"

"मग?"

"मग काय, पायाला लावते. तू तिला आंघोळीला नेतेस तेवढ्यात होतं माझं." त्यांनी सुई अभ्र्यात खोचून ठेवली. "रोज मुंग्यांच्या आधी चांगलं जिरवते. टाक्यांना नाही हं लावत, वर मांडीला."

"रोज?"

"अगं, तीस वर्षं कामावर गेल्या गेल्या मशीनला तेल घातल्याशिवाय मी पायडल दाबलं नाही. कोरड्या मशीनला जोर कुठून येणार?" मग माझं तोंड बघून त्यांचा आवाज खाली आला. "मला वाटलं, जरा सैल झाली मांडी तर तुझा आकडा वर जाईल. तुझा सोमवार आलाय ना जवळ."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. पाय दुखत होते म्हणून बसले, असं त्यांना वाटलं असेल.

शनिवारी संध्याकाळी त्या आंघोळ करून बसल्या होत्या, म्हणून छत्तीस. सकाळी मांडी तेलात न्हालेली, म्हणून बावीस. पंधरा-सोळा दिवस त्या माझ्यासाठी तेल जिरवत होत्या आणि मी भांडी घासत उभी होते.

मी त्यांना कुपीचं सांगितलं, पॅडचं सांगितलं.

"म्हणजे मीच घोटाळा केला," त्या म्हणाल्या.

"दोघींनी केला. मी विचारलंच नाही कधी. आधी पुसून घ्यायचं, हे माझं पोटापाण्याचं काम आहे."

"मग तिचा हात चांगला म्हणाले ते..."

"सोडा ते."

"लागलं ना तुला?"

"लागलं."

"मलाही नंतर लागलं," आई म्हणाल्या. "पण तेव्हा तू भांडी आपटत होतीस."

आईंना पलंगावर नेऊन मी टब भरून आणला. कोमट पाण्यात साबण करून त्यांची मांडी धुतली, एकदा, दोनदा, बोटाला कुरकुर लागेपर्यंत. कातडी सैल, पातळ. डावी मांडी उजवीपेक्षा केवढी बारीक झाली होती ते मी पहिल्यांदा हाताने बघितलं. कोरड्या पंच्याने टिपली. पिशवीत राखून ठेवलेलं पॅडचं नवं पाकीट फोडलं. चकती मी त्यांच्याच हातात दिली.

"तुम्ही फिरवा."

"मी?"

"सोसायचं तुम्हाला आहे."

बावीस. आईंनी भुवया वर केल्या. "कुठे आहेत मुंग्या?"

अठ्ठावीस. तेहेतीस. त्यांनी पलंगाचा गज धरला. छत्तीस.

"आता मुंग्या नाहीत," त्या दातांमधून म्हणाल्या. "आतून कुणीतरी मूठ आवळतंय."

वाटी वर सरकली. विसाव्यात खाली आली. पुन्हा सरकली. चटईवर गोटी जागी होऊन बघत होती. दोघींपैकी कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. पंधरा वेळा मूठ आवळली गेली आणि मग आईंना तिथेच झोप लागली, वायरी काढायच्या आधीच.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण गेलेले दोन आठवडे कुणी परत देत नाही. गुरुवार, शुक्रवार आम्ही दिवसातून दोनदा यंत्र लावलं. शनिवारी फिजिओ आली, तेलाचं ऐकून आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाली, "चूक माझी आहे. कातडी धुऊन घ्या हे मीच पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं." तिने परीक्षा घेतली. टाच उचलली गेली. थरथरत, पण सरळ. खुर्चीतून आई हात न टेकता उठल्या एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी उजवा हात आपसूक खुर्चीच्या हातावर गेला. त्यांनी तो झटकन मागे घेतला, जणू कुणी बघितलंच नाही.

"छान आहे," फिजिओ म्हणाली. "अजून तीन आठवडे. तोवर उभ्याने बाळ नाही. मांडीवर कुणी आणून दिलं तर चालेल."

रविवारी आम्ही तिघं बसलो. नवऱ्याने सांगितलं, पाळी बदलून मिळाली तरी दुपारी एकपर्यंतच तो घरी. मी येणार साडेपाचला. मधले साडेचार तास. त्यातले दोन गोटी झोपते.

"अडीच," आई म्हणाल्या. "अडीच तासांचा प्रश्न आहे. तू जा."

"आणि ती रडली तर?"

"रडेल. रडून कुणी मेलं नाही."

"तुम्ही उचलाल, आई. मला माहितीय."

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "मी उचललं आणि पाय सुटला, तर काय होईल ते मला कळत नाही असं वाटतं तुला?"

आम्ही चारी बाजूंनी गज असलेला गोटीचा पलंग आईंच्या खुर्चीला चिकटवला. आईंना हात घालून तिला थोपटता येईल, पाणी पाजता येईल, पण वाकून उचलता येणार नाही असा. समोरच्या घरातल्या बाईंना तीनला एकदा डोकावून, हवं तर लंगोट बदलून जायला सांगितलं.

सोमवारी मी गेले. चष्मा टेबलावरून उचलला गेला होता. तीसेक कुप्या भरल्या, तीसेक पुसल्या. दीडला फोन केला: झोपलीय. अडीचला केला: झोपलीय, तू काम कर. पावणेचारला केला तर फोन उचलला गेला आणि मागून गोटीचं रडणं ऐकू आलं, श्वास अडकत अडकत येणारं.

"आई?"

"काही नाही. चालू आहे," आई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मास्तर माझ्याकडे बघत होते. मी पुढची कुपी पुसली. तीच कुपी मी तीन वेळा पुसली असेन.

पावणेसहाला दार उघडलं. घर शांत. गोटी गजांना धरून उभी होती, गालांवर सुकलेले ओघळ, तोंडात आईंच्या साडीचा पदर. पदर गजांमधून आत ओढलेला, पूर्ण ओला. आई खुर्चीत बसल्या होत्या, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले.

"उचललं नाही," त्या मला बघताच म्हणाल्या. "तिने हात वर केले. पाऊण तास करत होती वर. मी उचललं नाही."

मी पर्स खाली टाकली, गोटीला उचललं आणि आईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांना हात मांडीखालून काढायला थोडा वेळ लागला. मुंग्या आल्या होत्या.

गोटीने त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. आईंनी डोळे मिटून तिच्या पाठीवरून हात फिरवला, वर, खाली, वर.

"छत्तीस सोपं होतं गं," त्या म्हणाल्या.

मी साबणाचं पाणी आणायला उठले. संध्याकाळचं यंत्र अजून व्हायचं होतं.